भायली डिस्क

१

सकाळी तानीबाईला पेज भरवून झाली की कृष्णात मास्तर कंप्युटर चालू करायचे. रोजचा नेमच तो. ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायचं, उशी उंच करायची, पडद्याचं तोंड कॉटकडं फिरवायचं आणि भीमरत्नचे फोटो एकेक करून दाखवायचे. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओळखीचे चेहरे दाखवत जा. आता डॉक्टर काही गोष्टी पेशंटसाठी सांगतात आणि काही नातेवाइकांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून सांगतात, हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. हयातभर हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस. पण करणार काय? दुसरं काही हातात नव्हतं.

भीमरत्न म्हणजे त्यांचा धाकटा. तवंदी घाटात मोटरसायकल घसरली आणि पोरगं गेलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, आणि त्याच आठवड्यात तानीबाई भांडी घासता घासता जी खाली बसली ती उठलीच नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या उजव्या हाताचं मास्तरांना फार वाईट वाटायचं. त्याच हातानं तिनं निपाणीत विड्या वळल्या होत्या. मास्तरांचं कॉलेज त्या विड्यांवर झालं, पोरांची शाळा त्यांच्यावरच झाली. पुढं बरे दिवस आले, विड्या सुटल्या, पण हाताची खोड सुटली नाही. बोलता बोलता तिचा अंगठा बोटावर फिरत राहायचा, पान नसलेली विडी वळत. आता तो हात चादरीवर नुसता पडून असायचा.

मास्तरांना एकच हवं होतं. तानीबाईनं एकदा "अवो" म्हणावं. लग्नापासून ती त्यांना अवोच म्हणत आली होती. चार भिंतींच्या आतसुद्धा कधी अरे-तुरे नाही. "तेवढा एक शब्द ऐकला की मी मरायला मोकळा," असं ते बेळगावात असलेल्या थोरल्या लेकीला, अक्षराला, फोनवर म्हणायचे, आणि ती त्यांच्यावर चिडायची.

त्यात एके दिवशी कंप्युटरच बंद पडला. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ यायची आणि तिथंच थांबायची.

२

दुरुस्तीला वृषभ आला. हा मूळचा सदलग्याचा, मास्तरांचा विद्यार्थी आणि भीमरत्नचा जिवाभावाचा दोस्त. बस स्टँडजवळ त्याचं कंप्युटरचं दुकान. डबा उघडून, फुंकर मारून, पुन्हा बंद करून तो म्हणाला, "सर, आतली डिस्क चांगली हाय. वरची सिस्टीम बिघडल्या. सगळं आत हाय बगा, पर सुरूच हुईना."

मास्तरांनी नकळत कॉटकडं पाहिलं.

"भीमाची भायली हार्ड डिस्क कुठाय? संगं घेऊन फिरायचा बगा, ती."

मास्तरांनी भीमरत्नची बॅग काढून दिली. घाटातनं आली तशी ती कपाटात होती, चेन कुणी उघडली नव्हती. वृषभनं हात घालून तळहाताएवढी काळी डिस्क काढली आणि क्षणभर तशीच धरून बसला.

"ह्यात त्यानं आख्खी सिस्टीम बसवलती, सर. कुठल्याबी कंप्युटरला लावायची आणि सुरू करायचा, की तो कंप्युटर भीमाचा. त्याचे फोटो, त्याची गाणी, त्यानं अर्धी सोडलेली कामं सुदीक."

"आणि कंप्युटरच्या आतलं?"

"ते आत ऱ्हातंय की. नुसतं पडून. भायेरनं चाललंय तवर त्याला कोण विचारत न्हाय."

त्यानं दाखवून दिलं. बटण दाबलं रं दाबलं की वरच्या रांगेतली एक कळ टकाटका दाबत राहायची, म्हणजे यादी येते. यादीत वरची ओळ आतल्या डिस्कची, खालची भायलीची. बाणानं खाली यायचं. "आणि सर, चालू असताना वायर तेवढी उपटू नका. मरंल ती."

डिस्क कुरकुरली. तिच्यावरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावर भीमरत्नची मोटरसायकल आली, नवी घेतलेली, हार घातलेली. वृषभनं डोळे पुसले, चहा नको म्हणाला आणि गेला.

मास्तर पेजेचं पातेलं घासायला आत वळले. नळाचं पाणी पडत होतं. त्यातनंही त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"आप्पा, चहा टाक की."

३

पातेलं हातातनं सुटलं. मधल्या खोलीत आले तर तानीबाई त्यांच्याकडं बघत होती. आवाज तिचाच होता. जरा गंजलेला, पण तिचाच. मास्तर कॉटशी मटकन बसले आणि लहान पोरासारखे हमसून रडले. दार उघडं होतं, रस्त्यावरनं माणसं जात होती. जाऊ देत.

रडून झाल्यावर मात्र काहीतरी खुपायला लागलं. आप्पा? आप्पा म्हणायची ती पोरं. आणि "टाक"? तानीबाई आणि नवऱ्याला "टाक"? शिवाय चहा तर तिनं कधीच सोडला होता, पित्त उसळायचं म्हणून. त्या घरात चहाचं वेड असलेला माणूस एकच होता.

डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. "होतं असं. वाचा परत येताना शब्दांची अदलाबदल होते. नवऱ्याला बाबा म्हणतील, मुलीला आई म्हणतील. आनंद माना हो." मास्तरांनी आनंद मानला. गणितात सुद्धा उत्तर बरोबर आलं की पोरानं रीत कुठली वापरली हे ते फार बघायचे नाहीत.

अक्षराला फोन लावून तानीबाईच्या कानाशी धरला. "आक्का, कवा येणार गं? येताना कुंदा आण," तानीबाई म्हणाली. मग अक्षरा हळूच म्हणाली, "आप्पा, ती मला आक्का म्हणाली." आता आपल्याकडं आया लेकींना लाडानं आक्का म्हणतातच की. मास्तरांनी तिला तेच सांगितलं. तिलाही ते पटवून घ्यायचं होतं.

कप तिनं डाव्या हातात धरला. भीमरत्न डावखुरा होता. पण उजवा हात गेलेली बाई दुसऱ्या कुठल्या हातानं धरणार? प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर होतंच. ती उत्तरं गोळा करण्यात मास्तरांची दुपार गेली, आणि अखेर त्यांनी साधं म्हणून विचारलं, "तानू, आपलं लगीन कुठं झालतं, आठवतंय?"

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "मी तवा कुठं हुतो?"

कडूसं पडलं, दिवेलागण झाली. मास्तरांनी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि रोजच्यासारखा कंप्युटर बंद केला. मागं तानीबाई काहीतरी सांगत होती, तवंदीच्या वळणावर खडी पडलेली असते म्हणून. डिस्कचा दिवा विझला आणि तिचं वाक्य तिथंच तुटलं. मास्तर वळले. तोंड अर्धवट उघडं, नजर आढ्याला. हाक मारली, हलवलं, पाणी लावलं. काही नाही. सकाळपर्यंत काही नाही.

सकाळी त्यांनी बटण दाबलं, कळ टकाटका दाबली, खालच्या ओळीवर आले. डिस्क कुरकुरली.

"आप्पा, चहा टाक की."

४

हे सगळं खुळ्याचं आहे, हे मास्तरांना कळत होतं. चालू केलं की बोलते, बंद केलं की थांबते, याचा अर्थ काय लावायचा? त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं आणि दर वेळेला उत्तर तेच आलं, तेव्हा त्यांनी बघायचं सोडून दिलं. बंदच करायचं सोडून दिलं. करंट जातो म्हणून इन्व्हर्टर आणला. डिस्क तापते म्हणून टेबलफॅन, जो इतके दिवस तानीबाईकडं तोंड करून असायचा, तो डिस्ककडं फिरवला. फिरवताना एकदा मनात आलं, की उकाड्यात ही घामेजणार. पण फिरवला.

काय सांगावं, ते दिवस सुखाचे होते हो! लेक गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. आता तानीबाईच्या तोंडातनं भीमरत्नचे विनोद यायचे, शेजारच्या मारुतीरावांच्या चालण्याची नक्कल यायची, आणि मास्तर पोट धरून हसायचे. तिनं की-बोर्ड मागितला. मास्तरांनी तो उशीशी, भिंतीकडच्या अंगाला ठेवला. ती डाव्या हातानं फटाफट टाईप करायची. आयुष्यात तिनं मोबाईलवर नंबर कधी स्वतः दाबला नव्हता.

मास्तर समजायचं ते समजले होते. तोंडानं मात्र कधी म्हणाले नाहीत. म्हटलं की दोघांपैकी एक जाईल, अशी भीती होती.

एकच गोष्ट त्यांना सतावायची. रोज सकाळी तानीबाई भिंतीकडं सरकलेली असायची. पार भिंतीला चिकटून, अंग चोरून, आणि अर्धी कॉट मोकळी. अर्धं अंग लुळं पडलेली बाई सरकेल कशी? गादी उतरती असेल म्हणून त्यांनी खाली चादरींची चवड घातली, मधोमध निजवून दोन्हीकडं उशा लावल्या. सकाळी उशा खाली आणि ती भिंतीशी. भीमरत्न लहान असताना तिच्याच कुशीत निजायचा. झोपेत पोरगं हातपाय पसरायचं आणि ती सरकत सरकत भिंतीला लागायची. हे मास्तरांना आठवलं. त्यांनी तो विषय मनातनं काढून टाकला.

आणि ती वाळत चालली होती. तोंड बोलत होतं, हसत होतं, पण डोळे. कधी हसण्याच्या मध्येच ते डोळे मास्तरांच्याकडं वळायचे आणि तसेच राहायचे. खिडकीच्या आतनं कुणीतरी बघावं तसे.

५

मग डिस्कमधनं टक्-टक् यायला लागलं. आधी अधूनमधून, मग सारखं. टक् झालं की तानीबाई बोलता बोलता अडखळायची आणि तोच शब्द पुन्हा म्हणायची.

वृषभ धावत आला. दुपार कलली होती. कान लावून ऐकलं आणि मान हलवली. "जायला लागल्या, सर. आज हाय, उद्या न्हाय. एकच करता येतंय. ह्यातलं सगळं आतल्या डिस्कवर बसवू. मग भायलीची गरजच न्हाय. भीमाची सिस्टीम कायमची आत."

"आणि आत आहे ते?"

"ते पुसणार की. दोन सिस्टीमीला जागा न्हाय तितं. पर ते तर सुरू बी हुईत न्हाय, सर. त्याचं काय घिऊन बसलाय?"

तानीबाई कॉटवर गप्प पडून ऐकत होती. वृषभ उशीशी वाकून की-बोर्डवर एकेक करत शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचला. पडद्यावर विचारलेलं होतं, आतलं सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, पुढं जायचं? त्यानं बोट उचललं.

"थांब," मास्तर ओरडले. मग हळू म्हणाले, "मी दाबतो. माझ्या पोराचं आहे."

वृषभनं खिडकीतनं बाहेर पाहिलं. ऊन भिंतीच्या टोकाला गेलं होतं. तो चौविहार पाळायचा. दिवस बुडायच्या आत जेवायचं, नंतर पाण्याचा थेंब नाही, हे त्यानं हॉस्टेलवर असतानाही मोडलं नव्हतं. "सर, मी दोन घास खाऊन आलोच. तुम्ही एंटर दाबा आणि मग कशालाबी हात लावू नका." पायरीवर त्याच्या चपला वाजल्या. दुसरा कुणी असता तर पाच मिनिटं थांबला असता आणि कळ त्यानंच दाबली असती. मग काय झालं असतं ते कोण जाणे.

६

खोलीत पंख्याचा आवाज होता आणि ती टक्-टक्.

"आप्पा," तानीबाई म्हणाली. "दाब की."

मास्तर कॉटच्या कडेवर बसले.

"भायेर लई दम लागतोय आप्पा. मला आत घे." डिस्क टक् झाली. "मला आत घे."

"आणि आई?" त्यांच्या तोंडून गेलंच. "भीमा, तुझ्या आईचं काय?"

निळा दिवा भराभर लुकलुकला. "आई हाय की. आई कुठं जातीय? ती काय म्हणत न्हाय बग."

"तिला विचारलंस?"

"ती कवाच काय म्हणत न्हाय, आप्पा."

हे मात्र खरं होतं. विड्या वळताना म्हणाली नाही, उपाशी निजताना म्हणाली नाही. मास्तरांचा जीव तुटायला लागला. पोरगं पुन्हा मारू? की बायको पुसू? अहो, कुणाला विचारावं असलं? त्यांनी थोपटायला म्हणून तिच्या अंगावर हात ठेवला, आणि तेव्हा त्यांना चादरीवर काहीतरी हललेलं दिसलं.

उजवा हात. लुळा. त्याचा अंगठा बोटावर फिरत होता.

तोंड एकीकडं बोलत होतं, "दाब की आप्पा, अंधार पडायला लागलाय," आणि हात आपला विडी वळत होता. अंगठा वर, अंगठा खाली, शेवटी नखानं टोक मुडपायचं. मग नवी. मास्तर बघतच राहिले. ती होती. तिथं, आत, ती होती.

त्या हातानं विडी वळायची थांबवली आणि मास्तरांचं मनगट धरलं.

काय ती पकड! बोटं थंडगार, पण जोर असा की हाड कळावं. हात त्यांना ओढत होता, तिच्याकडं, उशीकडं, भिंतीकडं. डोळे त्यांच्यावर लागलेले आणि दोन्ही डोळ्यांतनं पाणी. वाचवा म्हणतीय, मास्तरांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागतीय. मला वाचवा म्हणतीय!

"आप्पा, नगो," तोंड म्हणालं. "आप्पा, वायर नगो रं..."

मास्तरांनी मोकळ्या हातानं वायर उपटली.

७

वृषभ परत आला तेव्हा खोलीत अंधार होता. मेणबत्ती लावलेली नव्हती. मास्तर कॉटशी जमिनीवर बसले होते. त्यानं डिस्क लावून बघितली, दुसऱ्या वायरनं बघितली, दुकानात नेऊन बघितली. आतनं काही वेळ टक्-टक् येत राहिलं, मग तेही थांबलं. "सर, सांगितलं हुतं की ओ," एवढंच तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून रडला.

सकाळ झाली. मास्तरांनी पेज शिजवली. पंखा पुन्हा तानीबाईकडं फिरवला. आपण बरोबर केलं, असं ते स्वतःला सांगत होते. बायकोला पुसून टाकणारा माणूस नाही मी. चमचा तिच्या ओठाशी नेला आणि तिचे ओठ हलले.

"अवो," तानीबाई म्हणाली.

आप्पा नाही. अवो! चमचा सांडला. मास्तरांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, काय करू आणि काय नको असं झालं त्यांना. बोल, तानू, बोल. मी हाय इथं. बोल.

"अवो," ती म्हणाली, "मी सरकलते की. जागा दिलती की पोराला. का भायेर काढलासा?"

मास्तरांनी उशीकडं पाहिलं. की-बोर्ड तिथंच पडला होता, एंटर न दाबलेला, भिंतीकडच्या अंगाला. काल तो हात त्यांना जिकडं ओढत होता, त्याच अंगाला.

अक्षरा बेळगावहून धावत आली. आई बोलली म्हणून तिनं शेजारीपाजारी कुंदा वाटला. डॉक्टरही म्हणाले, वाचा आली, आता बाकीचे शब्दही येतील. त्याला बरेच महिने झाले. बाकीचे शब्द आले नाहीत. उजवा हातही पुन्हा कधी हलला नाही.

मास्तरांचा नेम तसाच आहे. सकाळी पेज भरवतात, तोंड पुसतात, कंप्युटरचं बटण दाबतात, वरच्या रांगेतली कळ टकाटका दाबतात. यादी येते. तिच्यात आता एकच ओळ असते, आतली. ते बाणानं खाली जायला बघतात, पण खाली काही नसतं. मागनं तानीबाई म्हणते, अवो, मी सरकलते की. रोज तेच, त्याच आवाजात, त्याच ठिकाणी थांबून. मास्तर वळून बघतात. ती भिंतीला चिकटून असते आणि अर्धी कॉट मोकळी असते.